काचेवरचा आकडा

मित्रांनो, आधी माझा रंग सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी नाक मुरडायला नको. मी एक जुनी हिरवी गाडी आहे. दोन दारं, लांब नाक, आठ सिलिंडरचं इंजिन आणि बॉनेटवर दोन पांढरे पट्टे. १९६९ सालच्या हिवाळ्याच्या तोंडावर ओहायोतल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. त्याच दिवशी माझ्यामागोमाग एक लाल आणि एक काळी गाडी बाहेर पडली. तिघींचं इंजिन एकाच मापाचं, ताकदही तेवढीच. त्या दोघी आठवड्याच्या आत खपल्या. मी मात्र टेनेसीतल्या एका विक्रेत्याच्या अंगणात पाच महिने बर्फ खात उभी राहिले.

त्याचं कारण असं, की शर्यतवाल्या लोकांत हिरवी गाडी म्हणजे अपशकुन. ही माणसं इतर बाबतीत मोठी शहाणी. आख्खं इंजिन खोलून पुन्हा जोडतील. पण मैदानावर कुणी टरफलासकट भुईमुगाच्या शेंगा काढल्या की अंगावर धावून जातील, आणि हिरवी गाडी दिसली की लांबून वळसा घालतील. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक माझं बॉनेट उघडायचं, खूश व्हायचं, बॉनेट मिटायचं आणि म्हणायचं, "इंजिन झकास आहे हो, पण रंग..." नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ना, तशी माझी गत झाली होती.

मार्च महिन्यात व्हर्लिन गॉसेट आला. वय पंचवीस, जस्ताच्या खाणीत यंत्रं दुरुस्त करायचं काम. सोबत त्याचा मित्र रॉइस हॅन होता आणि नवी नवरी ओलेटा होती. ओलेटा गावच्या दवाखान्यात नर्स. कामावरून तशीच आली होती, पांढऱ्या गणवेशात आणि पांढऱ्या बुटांत.

"हिरवी?" रॉइस ओरडलाच. "व्हर्लिन, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? ही घेशील तर पहिल्याच रविवारी झाडावर जाऊन बसशील."

ओलेटाने शांतपणे विचारलं, "रॉइस, शर्यत सुटताना दिवा कुठल्या रंगाचा लागतो रे?"

"हिरवा."

"मग तो लागला की अपशकुन झाला म्हणून तू घरी जातोस का?"

ओलेटाने माझ्या बॉनेटवर तळहात ठेवला. बाहेर गारठा होता आणि तिचा हात ऊबदार होता. ती म्हणाली, "व्हर्लिन, हिलाच घेऊ. कुणी टाकलेलं कुत्रं घरी आणलं तर ते जन्मभर जीव लावतं. ही पण लावेल."

मला कुत्र्याच्या पंगतीला बसवलं म्हणून राग यायला हवा होता. पण खरं सांगते, मला रडू आलं असतं, गाड्यांना रडता येत असतं तर. पाच महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी रंगाच्या पलीकडे पाहिलं होतं. हिचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, एवढंच मी त्या दिवशी मनाशी ठरवलं.

आमच्या डोंगरांत वेगाचं वेड फार जुनं आहे. व्हर्लिनचे आजोबा चोरून गाळलेली दारू गाडीत भरून वळणावळणाच्या रस्त्याने डोंगर उतरवायचे. मागे पोलीस, पुढे अंधार, अशी त्यांची शर्यत. पोटासाठी पळणाऱ्या त्या गाड्यांचीच पोरंबाळं पुढे रविवारी हौसेने पळू लागली, आणि मी त्या कुळातली. आमचं मैदान म्हणजे सिकॅमोर बॉटम. नदीकाठच्या सपाट जमिनीवर पाव मैलाची सरळ डांबरी पट्टी, एका अंगाला तंबाखूचं शेत, दुसऱ्या अंगाला लाकडी बाकं, सुटायच्या जागी दिव्यांचा खांब आणि पलीकडच्या टोकाला एक झेंडा.

आता ही शर्यत नीट समजून घ्या, कारण माझी सगळी कथा त्यात आहे. तुम्हाला वाटेल, जी गाडी सगळ्यात जोरात पळेल ती जिंकेल. छे! आमच्याकडे प्रत्येकाने सुटण्याआधी आपल्या काचेवर एक आकडा लिहायचा. पाव मैल पळायला मला किती सेकंद लागतील, तो आकडा. दोघांच्या आकड्यांत जेवढा फरक, तेवढा वेळ हळू गाडीला आधी सोडतात. मग जो आधी पोचेल तो जिंकला. पण मेख पुढे आहे. तुम्ही लिहिलेल्या आकड्यापेक्षा लवकर पोचलात, तर बाद! म्हणजे बढाई मारून लहान आकडा लिहिला तरी हरणार आणि लबाडीने मोठा लिहिला तरी हरणार. ज्याला आपली खरी ताकद ठाऊक, तोच जिंकणार. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे आमच्या मैदानावर शतांश सेकंदात मोजतात.

माझा आकडा ओलेटा लिहायची. नर्सचे बूट पांढरेशुभ्र ठेवायला तिच्या पर्समध्ये पांढऱ्या पॉलिशची बाटली असायची, टोकाला स्पंज लावलेली. काचेवर लिहायला त्याच्यासारखी दुसरी वस्तू नाही, आणि ओल्या फडक्याने पुसलंही जातं. व्हर्लिन गाडी चालवण्यात पटाईत होता, पण अंदाजाच्या बाबतीत शुद्ध आंधळा. त्याला मी नेहमी होते त्याहून जोरकस वाटायचे. ओलेटा तंबाखूच्या शेतकऱ्याची मुलगी. वाळत टांगलेलं तंबाखूचं पान कोरड्या हवेत कुरकुरतं आणि हवेत ओल आली की कापडासारखं मऊ पडतं, हे तिला रांगत्या वयापासून ठाऊक. ओल्या, गरम हवेत माझा श्वास कोंडतो आणि मी हळू पळते. म्हणून ती तंबाखूचं एक वाळलेलं पान माझ्या दाराबाहेरच्या आरशाला दोऱ्याने बांधायची. सुटायच्या आधी ते पान बोटांत चाचपायची, लांबच्या झेंड्याकडे बघायची आणि दाराच्या काचेवर आकडा लिहायची. मी पळून आले की पलीकडच्या खोपट्यातून मिळणाऱ्या वेळेच्या चिठ्ठीवर बहुतेक तोच आकडा छापून यायचा, फार तर एखाद-दोन शतांशांचा फरक.

व्हर्लिनने विचारलं की म्हणायची, "हवेला विचारावं, नवऱ्याला नाही."

१९७२ मध्ये त्यांना मुलगी झाली, ट्रीना. तिला दवाखान्यातून घरी मीच आणलं. व्हर्लिनने सबंध वाटेत वीस मैलांच्या वर वेग जाऊ दिला नाही. मागून ट्रकवाले शिव्या देत होते. आयुष्यात इतकी हळू मी कधी चालले नव्हते आणि इतक्या तोऱ्यातही नाही.

पण मित्रांनो, एकदा आमच्या हातून मोठी चूक झाली. १९७८ च्या हंगामाची अंतिम शर्यत होती, समोर रॉइस. ओलेटाने माझ्या काचेवर १२.४४ लिहिलं आणि ती बाकाकडे गेली. रॉइस आपल्या निळ्या गाडीतून वाकून म्हणाला, "काय व्हर्लिन, आकडा बायकोचा, पान सासऱ्याचं. गाडी तरी तूच चालवतोस ना रे?"

आजूबाजूचे फिदीफिदी हसले. व्हर्लिनच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. तो खाली उतरला, अंगातल्या निळ्या शर्टाच्या बाहीने त्याने तो आकडा पुसला आणि दणादण १२.३० लिहून टाकलं. मी जिवाचा आटापिटा केला, पण पळाले १२.४५. रॉइस जिंकला आणि आम्ही हात चोळत बसलो.

ओलेटा भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तीन दिवस ती जेवणाच्या टेबलावर व्हर्लिनसमोर बसायची, त्याच्या ताटात घेवडा आणि मक्याची भाकरी वाढायची आणि त्याच्याकडे नुसती बघायची. चौथ्या दिवशी त्यानेच हात जोडले. तिने त्याच्यापुढे तो शर्ट टाकला. बाहीवर पॉलिशचा पांढरा डाग होता.

"हा डाग मी काढणार नाही," ती म्हणाली. "राहू दे डोळ्यांसमोर."

पुढे तो शर्ट जुना झाला, त्याचं फडकं झालं आणि ते फडकं माझ्या सीटखाली पडून राहिलं. व्हर्लिनने पुन्हा कधी तिचा आकडा पुसला नाही.

त्यानंतरची तीस वर्षं किती सुखाची गेली म्हणून सांगू! किती करंडक मिळाले त्याची यादी देत नाही, करंडक काय, गंजतात. पण दर शनिवारी कोमट पाण्याने अंघोळ, वेळच्या वेळी ताजं तेल, हिवाळ्यात अंगावर जाड गोधडी. एखादा नटबोल्ट कुरकुरला तरी व्हर्लिन कान देऊन ऐकायचा. लाल आणि काळी, त्या माझ्या दोघी बहिणी कधीच भंगारात गेल्या असतील. मला मात्र टाकलेल्या जनावराचं नशीब लाभलं, आणि ते भल्याभल्यांना लाभत नाही.

२००८ साली एका सकाळी ओलेटा ओट्यापाशी बिस्किटांचं पीठ मळत होती आणि मळता मळता खाली बसली ती उठलीच नाही. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. जीव वाचला, पण उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, तिला किती समजतं ते सांगता येत नाही. जो तो येऊन तिच्या तोंडाशी वाकायचा. "ओलेटा, मी कोण सांग बघू? समजलं तर बोट हलव." ती मान फिरवून खिडकीबाहेर बघायची. खिडकीसमोर तंबाखूची जुनी कोठी होती आणि त्या कोठीत मी.

त्या दिवसापासून मी हलले नाही. टायरांतली हवा गेली. उंदरांनी मागच्या सीटमध्ये संसार थाटला, गांधीलमाश्यांनी आरशामागे पोळं केलं. लोक म्हणाले, व्हर्लिनने हौसेची गाडी कुजवली. मित्रांनो, मला त्याचा राग आला नाही. जे हात माझं तेल बदलायचे ते आता ओलेटाला घास भरवत होते, तिचे केस विंचरत होते. अशी आबाळ कुणालाही सोसवेल. कधीमधी सकाळी तो कॉफीचा कप घेऊन माझ्यात येऊन बसायचा. एकदा स्टिअरिंगवर डोकं टेकून म्हणाला, "ती आहे की नाही आत, एवढं मला कळलं असतं ना..." कॉफी तशीच गार झाली.

पाच वर्षं अशी गेली. २०१३ च्या जूनमध्ये ट्रीना नॉक्सव्हिलहून आली. कोठीच्या दाराशीच बापलेकीचं बोलणं झालं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"डॅडी, तुमची पाठ कामातून गेलीय. परवा न्हाणीघरात दोघंही पडलात. मम्मीला शुश्रूषागृहात ठेवायलाच हवं. तिथे जागा होतेय ऑगस्टमध्ये."

"तिथे ती खिडकीतून काय बघेल?"

"डॅडी, ती बघत नाही. तिचे डोळे फक्त उघडे असतात." एवढं बोलून ट्रीनाच रडायला लागली. ती वाईट मुलगी नव्हती हो. दर शनिवारी दीड तास गाडी हाकून यायची आणि आईची नखं कापून जायची.

व्हर्लिनने कोठीच्या आत माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "ऑगस्टमध्ये सिकॅमोर बॉटमला जुन्या गाड्यांचा रविवार असतो. एकदा तिला तिथे नेतो. सोमवारी सही करतो."

"तिला कळणार आहे का ते?"

"मला कळेल."

दोन महिने तो माझ्यावर खपला. उंदरांचा संसार हलवला, कार्ब्युरेटर उकलून धुतला, नळ्या बदलल्या. पाठ दुखली की माझ्या बॉनेटवर उताणा पडायचा, मग पुन्हा कामाला. पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा मी इतकी खोकले की कोठीतली कबुतरं उडाली. व्हर्लिन हसला. पाच वर्षांत मी ते हसू ऐकलं नव्हतं.

त्या रविवारी रॉइसने मला आपल्या ट्रेलरवरून मैदानावर नेलं. ओलेटाची चाकांची खुर्ची व्हर्लिनने माझ्या दाराशी सावलीत लावली. मांडीवर तिची जुनी पर्स. सवयीने त्याने माझ्या आरशाला तंबाखूचं नवं पान बांधलं. सवयीनेच पॉलिशची नवी बाटली तिच्या पर्सवर ठेवली आणि म्हणाला, "धर जरा." ट्रीनाच्या खांद्यावरच्या पिशवीतून एक लांब पिवळा लिफाफा डोकावत होता. सोमवारच्या सहीचे कागद.

सकाळी दहाला सरावाची एक फेरी झाली. हवा गार आणि कोरडी होती. चिठ्ठी आली १२.९८. व्हर्लिनने माझ्या टपावर थाप मारली. "बारा अठ्ठ्याण्णव! म्हातारे, दम आहे की अजून!"

मग ऊन चढलं. नदीवरून दमट वाफ उठू लागली. चालकांना सूचना द्यायला कचेरीसमोर बोलावलं, तिकडे व्हर्लिन गेला. ट्रीना तळलेल्या बोलोना सॉसेजची सँडविचं आणि गोड चहा आणायला गेली. मी आणि ओलेटा दोघीच उरलो.

आणि मित्रांनो, मी काय पाहिलं सांगू? ओलेटाचा डावा हात पर्सवरून हळूच उठला. आरशापाशी आला. दोन बोटांत तिने ते पान धरलं. सकाळी कुरकुरणारं पान आता मऊ पडलं होतं. मग तिने मान वळवून लांबच्या झेंड्याकडे पाहिलं. तो आता आमच्याकडे तोंड करून फडफडत होता, म्हणजे वारा समोरून. मग तिने तळहात माझ्या दारावर ठेवला, त्या पहिल्या दिवसासारखा. तो अजूनही ऊबदार होता. बाटलीचं झाकण तिने दातांनी काढलं. डाव्या हाताने लिहायची सवय नाही, हात थरथरत होता, एकेका आकड्याला मिनिट मिनिट लागत होतं. मी श्वास रोखून धरला असता, पण इंजिन बंदच होतं. लिहून झाल्यावर तिने बाटली पर्सवर ठेवली आणि समोर बघत बसली. काचेवर उमटलं होतं १३.२१.

सगळ्यात आधी ट्रीना आली. तिच्या हातातला चहा हिंदकळला. "डॅडी! मम्मीने काचेवर काहीतरी लिहिलंय!"

व्हर्लिन धावत आला, मागोमाग रॉइस. ट्रीनाने पुन्हा वाचलं आणि तिचा चेहरा पडला. "एक तीन दोन एक... डॅडी, हे आपल्या जुन्या फोनचे शेवटचे चार आकडे आहेत. तेवढेच राहिले असतील बिचारीच्या डोक्यात."

"पूस ते, व्हर्लिन," रॉइस म्हणाला. पहिल्या फेरीत तोच समोर होता, तरी आवाजात चेष्टा नव्हती. "तेरा एकवीस लिहिलंस आणि सकाळसारखा बारा अठ्ठ्याण्णवमध्ये पोचलास, की जागच्या जागी बाद. दोन महिने घासलेस ते फुकट."

लाउडस्पीकरवरून आमचं नाव पुकारलं गेलं. व्हर्लिनने सीटखाली हात घातला आणि फडकं ओढून काढलं. मी आतून ओरडत होते. अरे बाबा, ते पान चाचपून बघ! झेंड्याकडे बघ! पण गाडीचं कोण ऐकतंय!

फडकं काचेपर्यंत गेलं आणि थांबलं. निळं फडकं, त्यावर पस्तीस वर्षांपूर्वीचा पांढरा डाग. व्हर्लिन त्या डागाकडे बघत राहिला. मग काचेकडे.

"ट्रीना, फोनच्या नंबरात मध्ये ठिपका असतो का गं?"

"ठिपका नाही तो, थेंब पडलाय. हात बघा ना तिचा, किती थरथरतोय."

व्हर्लिन गुडघे टेकून खुर्चीसमोर बसला. "ओलेटा, हा आकडा आहे का? असेल तर बोट हलव."

ओलेटाने बोट हलवलं नाही. तिने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. सरळ, न हलता.

व्हर्लिन उठला. फडकं घडी करून त्याने खिशात घातलं. "ही नजर माझ्या ओळखीची आहे," तो म्हणाला. "अठ्ठ्याहत्तर साली हीच नजर तीन दिवस घेवड्याबरोबर गिळलीय मी. आकडा राहू दे. हरलो तर तिच्या आकड्यावर हरेन."

"डॅडी..."

"राहू दे म्हणतो ना!"

रॉइसच्या काचेवर ११.८० होतं. म्हणजे मला जवळजवळ दीड सेकंद आधी सुटायचं होतं. पिवळे दिवे उतरत आले, हिरवा लागला आणि मी झेपावले. खरं सांगते, मनात हाव होती, पाखरासारखं उडून दाखवावं. पण हवा जड, छातीत श्वास पुरेना, शेवटच्या गिअरमध्ये समोरचा वारा असा लागला की कुणी छातीला हात लावून मागे रेटतंय. मागून रॉइसची निळी गाडी गर्जत आली, दाराशी आली, नाकाशी आली. तेवढ्यात रेघ आली. मी हातभर पुढे होते.

पलीकडे खोपट्यातल्या बाईने व्हर्लिनच्या हातात चिठ्ठी दिली. त्याने ती वाचली आणि भर वाटेत इंजिन बंद केलं. मागचे भोंगे वाजवत राहिले. चिठ्ठीवर छापलं होतं १३.२२.

तो परत आला. चिठ्ठी त्याने ट्रीनाच्या हातात कोंबली. ट्रीनाने चिठ्ठी पाहिली, काच पाहिली. "योगायोग असेल, डॅडी," ती म्हणाली. "असेल ना योगायोग?" पाच वर्षं जी आई गेली म्हणून ती रडली, ती समोरच बसून सगळं ऐकत होती, हा विचार तिला पेलवेना.

उत्तर ओलेटानेच दिलं. तिचा डावा हात पुन्हा उठला. तिने पान चाचपलं. झेंड्याकडे पाहिलं. दुपार आणखी तापली होती. मग तिने व्हर्लिनच्या खिशातून लोंबणारं ते निळं फडकं ओढून घेतलं, काचेवरचे शेवटचे दोन आकडे पुसले, आणि त्या जागी लिहिलं, २६. ठिपक्याला हात लावला नाही. तो जिथे हवा तिथेच होता.

रॉइसने डोक्यावरची टोपी काढली. "ओलेटा," तो म्हणाला, "अठ्ठ्याहत्तर साली तोंड वाजवलं त्याबद्दल माफ कर. आणि जमलं तर पुढच्या रविवारी माझ्याही काचेवर लिही बाई."

ओलेटाच्या तोंडाची डावी बाजू हलली. ते हसू होतं. ट्रीनाने आईच्या मांडीत डोकं घातलं आणि लहान पोरीसारखी हमसून हमसून रडली. ओलेटाचा हात, पॉलिशने माखलेला, तिच्या केसांवरून फिरत राहिला.

दुसऱ्या फेरीत आम्ही जिंकलो का? छे, सपशेल हरलो! व्हर्लिनचे डोळे इतके भरून आले होते की हिरवा दिवा लागलेला त्याला दिसलाच नाही. समोरचा अर्ध्यावर पोचला तेव्हा आम्ही सुटलो. पण सेकंद मोजायला लागतात ते गाडी हलल्यापासून. माझ्या चिठ्ठीवर १३.२६ छापून आलं. एक शतांश इकडे नाही की तिकडे नाही. हरलेली चिठ्ठी हातात घेऊन नाचणारा माणूस सिकॅमोर बॉटमने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

आम्ही परतलो तेव्हा ट्रीना आईशेजारी गवतावर बसली होती. उकाडा फार होता. तिने पिशवीतून तो पिवळा लिफाफा काढला होता आणि त्याने ती आईला वारा घालत होती.

सोमवारी सही झाली नाही. ओलेटाला उचलायला-निजवायला ट्रीनाने सकाळ-संध्याकाळ येणारी एक धट्टीकट्टी बाई शोधली. मी पुन्हा कोठीत असते, पण आता टायरांत हवा आहे आणि उंदीर नाहीत.

मित्रांनो, एका हिरव्या गाडीचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. घरातलं जुनं माणूस असो की जुनं यंत्र, काल ते किती पळत होतं याचे पोवाडे गाऊ नका. आज त्याला किती जमतं ते विचारा. आणि त्याने आपल्या थरथरत्या हाताने उत्तर दिलं, तर फडकं घ्यायची घाई करू नका. आधी हवेतलं पान चाचपून बघा.

मी फार सुखात आहे. ओलेटा आता माझ्या पुढच्या काचेवर लिहिते. व्हर्लिन दर शनिवारी मला कोमट पाण्याने धुतो. दाराची ती एक काच सोडून.